काय चावले, ते आधी पाहा

पावसाळा ओसरू लागला की आमच्या सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात एक वाक्य सारखे कानावर पडते : ‘डॉक्टर, काहीतरी चावलंय.’ काय चावले, असे विचारले की उत्तर ठरलेले असते, ‘किडा.’ कसला किडा? ‘किडा म्हणजे किडा हो, बघितला कुणी!’ गंमत अशी की हाच माणूस मासळीच्या बाबतीत इतका ढोबळ बोलत नाही. तारली कुठली आणि पेडवा कुठला यावर तो वाद घालील, बांगडा आजचा की कालचा हे नुसते गालफड उचलून सांगेल. आंब्याच्या फोडीवरून बाग ओळखणारी माणसे आहेत आमच्याकडे. पण घरात, अंगणात, किनाऱ्यावर आपल्याबरोबर राहणाऱ्या शेकडो सहापायी जिवांसाठी मात्र दोनच शब्द : दिसला तर किडा, चावला तर डास.

हे अज्ञान निरुपद्रवी असते तर मी त्यावर लिहिले नसते. पण त्याची किंमत रुग्ण मोजतो. कधी पैशांत, कधी वाया गेलेल्या दिवसांत, आणि क्वचित जिवाने.

एक उदाहरण जरा सविस्तर सांगतो. भात पोटरीला येऊन लोंब्या भरू लागतात त्या दिवसांत मानेवर, गालावर, दंडावर लालभडक पट्टा घेऊन येणारे रुग्ण वाढतात. गरम उलथन्याची कड टेकवावी तसा तो पट्टा दिसतो, त्यात बारीक पिवळट फोड, आणि आग आग. निदान घरीच झालेले असते : नागीण. कुणी गेरू फासून आलेला असतो, कुणी मंत्र घालून, तर कुणी औषधाच्या दुकानातून नागिणीच्या महागड्या गोळ्या आठवडाभराच्या घेऊन. काही जण ‘कोळी मुतला’ म्हणतात. कोळी बिचारा यात कुठेच नसतो, आणि बहुतेकदा नागीणही नसते.

खरा कर्ता आहे भुंगेऱ्यांच्या कुळातला एक लहानसा कीटक. लांबी सात ते दहा मिलिमीटर, म्हणजे तांदळाच्या दाण्याहून थोडी जास्त. प्रथमदर्शनी मोठी मुंगीच वाटते. पण नीट पाहिले तर रंग विसरता येत नाहीत : डोके काळे, छाती नारिंगी, तिच्यामागे निळसर-हिरव्या झळाळीचे आखूड कवच, पोट पुन्हा नारिंगी आणि शेपटाचे टोक काळे. डिवचला की शेपूट विंचवासारखे वर उचलतो. शास्त्रीय नाव पिडेरस. हा चावत नाही आणि त्याला नांगीही नाही. त्याच्या शरीरातल्या द्रवात पेडेरिन नावाचे जहाल रसायन असते, आणि ते स्वतः किडा नव्हे तर त्याच्या शरीरात राहणारे जिवाणू तयार करतात. मानेवर काहीतरी वळवळले म्हणून झोपेत आपण चापट मारून ते चोळतो, तिथेच घात होतो. किडा चिरडतो, द्रव कातडीवर पसरतो आणि एक-दोन दिवसांनी हात फिरला त्या रेघेत फोड उठतात. कोपराच्या खळगीत चिरडला तर हात दुमडल्यावर समोरच्या कातडीवर जुळा डाग उमटतो, आरशात पडावा तसा. मधे एवढा वेळ गेलेला असल्याने रुग्णाला किडा आठवतच नाही.

नागिणीचे तसे नसते. ती शरीराच्या एकाच बाजूला, एका नसेच्या पट्ट्यात उठते. मध्यरेषा सहसा ओलांडत नाही. आणि फोड येण्याआधी दोन-तीन दिवस त्या जागी ठणका असतो. किड्याच्या पट्ट्याला असे काही नियम नाहीत. तो उघड्या अंगावर कुठेही, कसाही, आणि बहुधा सकाळी उठल्यावर लक्षात येतो. हा फरक कळणे दोन्ही बाजूंनी महत्त्वाचे आहे. किड्याच्या चट्ट्याला नागिणीच्या गोळ्या लागत नाहीत. साबण-पाण्याने धुणे, थंड पाण्याची घडी आणि साधे मलम यांवर तो दहा-पंधरा दिवसांत जातो, मागे काळसर डाग तेवढा काही काळ राहतो. उलट खऱ्या नागिणीचे औषध पहिल्या बहात्तर तासांत सुरू झाले तर त्याचा चांगला उपयोग होतो. ‘किडाच असेल’ म्हणून चार दिवस काढले, आणि ती नागीण कपाळावर किंवा डोळ्याजवळ असली, तर नजरेचा प्रश्न उभा राहू शकतो.

आता यातली उपरोधिक गोष्ट. हा पिडेरस भातशेतीत राहतो आणि पिकावरचे तुडतुडे खातो. म्हणजे ज्याच्यामुळे आपण रुग्णालयाची पायरी चढतो तोच आपल्या शेतावर बिनपगारी राखणदारी करत असतो. रात्री पांढऱ्या दिव्याकडे ओढला जाऊन घरात शिरतो, इतकाच त्याचा गुन्हा. अंगावर दिसला तर फुंकर मारावी किंवा कागदावर चढवून बाहेर सोडावा, चिरडू नये. उशाशी दिवा ठेवू नये, खिडकीला जाळी असावी. चिरडलाच तर जागा लगेच साबणाने धुवावी आणि तो हात डोळ्याला लावू नये. एवढे ज्ञान घराघरांत असते तर आमच्या रांगेतली बरीच माणसे घरीच राहिली असती.

किडा ओळखण्यावर काय काय अवलंबून असते, याचा मोठा दाखला आपल्याच देशात घडलेला आहे. रोनाल्ड रॉस हा सैन्यातला डॉक्टर मलेरियाचा जंतू डासाच्या पोटात शोधत होता. सूक्ष्मदर्शकाखाली डासांमागून डास फाडण्यात त्याची सुमारे दोन वर्षे गेली आणि हाती काही लागले नाही, कारण तो फाडत होता ते डास चुकीच्या जातीचे होते. रॉस कीटकतज्ज्ञ नव्हता. पुढे त्याच्याकडे पंखांवर ठिपके असलेले वेगळे डास आले, आणि २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला त्यांतल्या एकाच्या जठराच्या भिंतीत मलेरियाच्या जंतूचे कोष दिसले. ते डास अ‍ॅनोफिलीस होते. पाच वर्षांनी त्याला नोबेल मिळाले. त्याची चिकाटी, त्याचा सूक्ष्मदर्शक सगळे तेच होते. बदलला तो फक्त डास.

आज ही ओळख पटवायला सूक्ष्मदर्शकही लागत नाही. भिंतीवर बसलेला डास पाहा. अ‍ॅनोफिलीस भिंतीशी कोन करून, शेपूट वर काढून बसतो, खिळा तिरका ठोकल्यासारखा. क्युलेक्स, म्हणजे हत्तीरोगाचा प्रसार करणारा गटारातला डास, भिंतीला समांतर बसतो. डेंगी आणि चिकुनगुन्याचा एडिस काळा, पायांवर पांढरे पट्टे मिरवणारा, आणि मुख्यतः दिवसा चावणारा. पाण्यातल्या अळ्याही वेगळ्या. अ‍ॅनोफिलीसची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर आडवी पडते. इतर दोघांच्या अळ्या श्वासनळी वर लावून डोके खाली लोंबकळतात. एकदा ही नजर बसली की आपल्या घरात कुणी मुक्काम केला आहे आणि तो कुठून आला हे सांगता येते. क्युलेक्स असेल तर तुंबलेले गटार शोधा. एडिस असेल तर शेजाऱ्याला आणि नगरपालिकेला शिव्या देऊ नका; तो फार लांब उडत नाही, तुमच्याच फ्रिजमागच्या ट्रेमध्ये, कुंडीखालच्या बशीत किंवा गच्चीवरच्या डब्यात वाढलेला असतो. शहरातल्या मलेरियाचा अ‍ॅनोफिलीस स्टिफेन्सी तर विहिरीत आणि छपरावरच्या उघड्या टाकीत वाढतो. स्वच्छ पाण्यात डास होत नाहीत, हा समज आपण कधी सोडणार आहोत कोण जाणे.

किनाऱ्यावरच्या वस्त्यांमध्ये याला एक पुरवणी जोडावी लागते. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या वर ओढून ताडपत्रीने झाकतात. ताडपत्रीच्या खोळीत, होडीच्या तळाशी, कडेला धक्का लागू नये म्हणून बांधलेल्या टायरांत आणि रिकाम्या पिंपांत पावसाचे पाणी साचते. एडिसला याहून चांगली जागा कुठली? त्याची अंडी भांड्याच्या कडेला पाण्याच्या जरा वर चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. म्हणून पाणी नुसते ओतून देणे पुरत नाही, कड घासावी लागते. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. आठवड्याचा कोरडा दिवस त्या हिशोबाने ठरलेला आहे, कुणाच्या लहरीने नव्हे.

आणि धुरळणी? यावर मी वर्षानुवर्षे सौम्य बोलत आलो, आता बोलणार नाही. डेंगीचे दोन रुग्ण निघाले की गल्लीतून धुराचे यंत्र फिरावे, असा लोकांचा आग्रह असतो आणि लोकप्रतिनिधींनाही ते सोयीचे असते, कारण धूर दिसतो. साथ पेटलेली असताना उडते डास तात्पुरते कमी करायला त्याचा उपयोग आहे, तो मी नाकारत नाही. पण धूर अळीपर्यंत पोचत नाही. एडिस घरात, पलंगाखाली, टांगलेल्या कपड्यांमागे बसलेला असतो आणि यंत्र आले की आपण खोकला येतो म्हणून दारे-खिडक्या लावून घेतो. मरतात ते बाहेर उडणारे बाकीचे किडे, त्यांत डास खाणारेही आले. आठवड्याभरात नवे डास तयार. ज्याला एडिस आणि त्याची अळी ओळखता येते असा एक आठवीतला मुलगा वाडीतल्या पन्नास घरांसाठी यंत्रापेक्षा अधिक करू शकतो, असे माझे ठाम मत आहे.

भीतीचीही दुसरी बाजू आहे. जे ओळखत नाही त्याला घाबरतो, आणि घाबरून भलतेच काही करतो. संध्याकाळी खाडीकाठच्या दिव्याभोवती डासांसारख्या किड्यांचे थवेच्या थवे जमतात. त्यांतल्या नरांच्या मिशा पिसांसारख्या झुबकेदार असतात. हे डास नव्हेत, ते चावतच नाहीत. त्यांच्या अळ्या टाकीच्या तळच्या गाळात वाढतात आणि त्या रक्तासारख्या लाल असतात, कारण आपल्यासारखेच हिमोग्लोबिन त्यांच्यात असते. अशी अळी नळातून बादलीत पडली की घरात हाहाकार. जंत पोटात गेले म्हणून सगळे कुटुंब औषध मागायला येते. ती अळी पोटात राहू शकत नाही. औषध कुटुंबाला नको, साफसफाई टाकीला हवी.

न्हाणीघराच्या फरशीवर हृदयाच्या आकाराची, केसाळ पंखांची, पतंगासारखी इवलीशी माशी बसलेली तुम्ही नक्की पाहिली असेल. तिच्या अळ्या मोरीच्या जाळीखालच्या चिकट मळीत राहतात. कधीतरी सकाळी त्या फरशीवर किंवा भांड्यात दिसतात आणि एखादी बाई पांढरीफटक होऊन बाटली घेऊन येते, ‘लघवीतून अळ्या पडल्या.’ बहुतेक वेळा त्या लघवीतून आलेल्या नसतात, मोरीतून आलेल्या असतात. बाटलीतली अळी ओळखता आली नाही तर मात्र त्या बाईच्या सोनोग्राफीपासून सगळ्या तपासण्या होतात.

याच संदर्भात एक नाजूक गोष्ट. काही माणसे काडेपेटीत किंवा कागदाच्या पुडीत ‘अंगातून निघणारे किडे’ आणतात. उघडून पाहिले तर त्यात धागे, खपल्या, धुळीचे कण असतात. किडा नसतोच, पण त्यांचा त्रास खोटा नसतो. तो मनाचा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. वैद्यकात या काडेपेटीला लक्षण म्हणूनच मान आहे. घरच्यांनी हसू नये. पण आधी पुडीतले काळजीपूर्वक तपासावे लागते, कारण कधीकधी तिथे खरोखर ऊ, ढेकूण किंवा गोचीड निघते आणि माणूस उगाच वेडा ठरतो.

सगळ्यांत घातक किडे बऱ्याचदा दुखवतच नाहीत. गवतात राहणाऱ्या एका सूक्ष्म माइटच्या पिल्लामुळे स्क्रब टायफस होतो. (माइट हा कीटक नव्हे, कोळ्याचा भाऊबंद, मोठेपणी त्याला आठ पाय असतात, पण हे चावणारे पिल्लू सहापायी. निसर्गाला आपल्या व्याख्यांची पर्वा नाही.) २०१८ साली विदर्भात या आजाराने बराच धुमाकूळ घातला होता. चावल्याच्या जागी विडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली धरते. ती दुखत नाही, खाजत नाही, आणि बहुधा काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली असते. रुग्ण सांगत नाही, कारण त्याला ती माहीतच नसते. तापाच्या रुग्णाचे कपडे बाजूला करून ती शोधावी लागते. सापडली तर डॉक्सिसायक्लिनसारख्या स्वस्त गोळ्यांनी माणूस झपाट्याने सुधारतो. राहून गेली तर फुप्फुसे, मूत्रपिंडे, मेंदू एकेक करून बिघडू शकतात. तेव्हा गवत कापून आल्यावर, जनावरांमागे रानात फिरून आल्यावर अंघोळ करताना स्वतःचे अंग नीट पाहणे हीसुद्धा कीटकनिरीक्षणाचीच शाखा समजा. दोडामार्गाकडच्या काजूबागांत काम करणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात ओळखला गेलेला माकडताप २०१६ पासून सिंधुदुर्गाने अनुभवला आहे, आणि तो गोचिडीतून येतो. अंगाला चिकटलेली गोचीड विडीने चटका देऊन किंवा तेल ओतून काढू नका. बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, मग हात आणि जागा साबणाने धुवा.

आता जरा समुद्राकडे वळू. सुट्टीत मुलांना घेऊन गुहागरला, आंजर्ल्याला, मालवणला गेलेली मंडळी परत येतात ती पायांवर खाजऱ्या पुटकुळ्या घेऊन, आणि सांगतात, ‘वाळूतले किडे चावले.’ भरतीच्या रेषेवर वाहून आलेले शेवाळ उचलले की टणाटण उड्या मारणारे पांढुरके जीव दिसतात, त्यांच्यावर आळ येतो. ते कीटक नव्हेतच. कोळंबीचे ते लांबचे नातेवाईक, कुजके शेवाळ खाऊन किनारा साफ ठेवणारे. माणसाला ते चावत नाहीत. चावतात ती चिलटे, मोहरीएवढीही नसलेली, खाडीच्या आणि कांदळवनाच्या ओल्या चिखलात वाढलेली. वारा पडला, ऊन कलले की ती येतात. साध्या मच्छरदाणीच्या छिद्रांतून आरामात आत शिरतात. पण पंख इतके दुबळे की पंख्याच्या वाऱ्यापुढे टिकत नाहीत. संध्याकाळी पाय झाकणारे कपडे आणि ओसरीवर एक पंखा, एवढ्यावर काम भागते. मुलांची नखे मात्र कापा, कारण खाजवून पिकलेल्या जखमाच आम्हाला जास्त पाहाव्या लागतात.

नावाचा आणखी एक गोंधळ इथेच निस्तरू. वाळूमाशी म्हणून जी रोग पसरवते ती समुद्राच्या वाळूत राहत नाही. ती मातीच्या भिंतींच्या भेगांत, गोठ्यांत असते. डासाहून लहान, केसाळ, बसली की पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे उभे धरणारी, टुणटुण उड्या मारत जाणारी. १९६५ साली नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातल्या रुग्णांमध्ये सापडलेला विषाणू त्या गावाच्या नावाने जगभर ओळखला जातो, आणि तो वाळूमाशीमार्फत पसरतो. लहान मुलांना मेंदूज्वर करून तो काही तासांत होत्याचे नव्हते करतो. २००३ मध्ये आंध्र आणि महाराष्ट्राने, २०२४ मध्ये गुजरातने ते पाहिले. मग समुद्रावरची माणसे ‘वाळूमाशी’ शब्द वाचून घाबरतात आणि मातीच्या घरातला माणूस निर्धास्त झोपतो. त्याने खरे तर भिंतीच्या भेगा लिंपायला हव्यात.

किनाऱ्यावर केवळ रोगच शोधत फिरावे असे मात्र मला म्हणायचे नाही. खाडीच्या मुखाशी ओल्या वाळूवर सकाळी उन्हात उभे राहा. पावलापुढे दोन-तीन हात अंतरावर काहीतरी धावते, थांबते, पुन्हा धावते. तो टायगर बीटल, लांब पायांचा शिकारी भुंगेरा. तो इतक्या वेगाने धावतो की धावताना त्याच्या डोळ्यांना भक्ष्य नीट दिसतच नाही. म्हणून थांबून, पुन्हा नेम धरून धावावे लागते. विहिरीत पाण्यावर घसरत फिरणारी पाणनिवळी ठाऊक असेलच. तिचेच काही भाऊबंद खाऱ्या पाण्यावर राहतात. हॅलोबेटिस त्यांचे नाव. लाखो जातींच्या कीटकांपैकी भर महासागरात राहणाऱ्या जाती फक्त पाच, आणि त्या पाचही याच घराण्यातल्या. यांचे इतर नातलग किनाऱ्याजवळ आणि कांदळवनात असतात. खुल्या समुद्रातल्या माद्या अंडी घालायला तरंगते पीस किंवा लाकूड शोधायच्या, आता त्यांना प्लॅस्टिकचे तुकडे मिळतात.

आणि चतुर! पाऊस ओसरताना मोकळ्या जागेवर पिवळट-तांबूस चतुरांचे थवे घिरट्या घालतात. यांतला मोठा वाटा पँटाला फ्लेव्हेसेन्स या जातीचा. हे चतुर ऑक्टोबरच्या सुमारास मालदीवमध्ये उतरतात हे तिथे राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाने टिपून ठेवले, आणि २००९ मध्ये मांडले की ते भारतातून हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेपर्यंत जात असावेत. त्याच्याकडे मोठे यंत्र नव्हते. दरवर्षी कोणत्या तारखेला काय दिसले याच्या नोंदी होत्या. चतुराचे पाण्यातले पिल्लू डासांच्या अळ्या खाते, हे मी डॉक्टर म्हणून पुस्ती जोडतो. धुरळणीच्या यंत्राला हा फरक कळत नाही.

महाराष्ट्राने २०१५ साली राणी पाखरू हे राज्याचे फुलपाखरू म्हणून जाहीर केले, असे करणारे ते देशातले पहिले राज्य. चांगले झाले. फुलपाखरांना हळदीकुंकवासारखी सुंदर मराठी नावेही आहेत. पण ज्या पिडेरसने दरवर्षी माणसे भाजतात त्याला लोकांच्या तोंडी नाव नाही, आणि ज्याला नाव नाही त्याच्यापासून सावध राहा असे सांगायचे तरी कसे? जुन्या माणसांकडे काही नावे आहेत. आग्या, सातेरी, फुलोरी, पोया अशी मधमाश्यांची वेगळी नावे माझ्या पिढीला ठाऊक होती, आणि कुठल्या पोळ्याजवळून पळायचे व कुठल्याजवळ निवांत उभे राहायचे हे त्या नावांतच होते. भिंतीवर मातीची मडकी घालणारी कुंभारीण डंख मारायला धावत नाही, तिला फक्त पिल्लांसाठी अळ्या साठवायच्या असतात, हे आजीला कळत होते. आता दिसली की फवारा. बंद खोलीत फवारा आणि कॉइलचा धूर, आणि दुसऱ्या दिवशी दम्याचे मूल आमच्याकडे.

माझी मागणी फार मोठी नाही. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर सुळे दाखवणाऱ्या राक्षसी डासाचे चित्र असते. त्याजागी त्या जिल्ह्यातल्या दहा-बारा जिवांची खरी, मापासह छायाचित्रे लावावीत : तीन डास, पिडेरस, गोचीड, वाळूमाशी, ढेकूण, लाल विंचू, आणि जोडीला निरुपद्रवी पण बदनाम असलेले चार. लाल विंचू कीटक नाही, पण तिथे तो हवाच, महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी त्याच्या दंशावर प्राझोसिनचा उपयोग दाखवून असंख्य जीव वाचवले, आणि आकाराने मोठ्या काळ्या विंचवापेक्षा हा लहानखुरा लाल विंचू जास्त घातक, हे अजून किती जणांना ठाऊक आहे? आशाताईंच्या प्रशिक्षणात एक दिवस यासाठी द्यावा. शाळांनी विज्ञान प्रदर्शनात ज्वालामुखी करणे एक वर्ष थांबवून वर्गाच्या खिडकीतले कीटक मोजावेत.

मोबाइलमधल्या ओळख पटवणाऱ्या अ‍ॅपबद्दल नेहमी विचारले जाते. जरूर वापरा, मीही वापरतो. पण ते नाव सुचवतात, निर्णय देत नाहीत. घरातल्या साध्या कोळ्याचा फोटो काढून ‘हा अमेरिकेतला ब्राऊन रिक्लूज आहे, मांस सडवतो’ असे वाचून रात्री अकरा वाजता धापा टाकत येणारे लोक मी पाहिले आहेत. सुचवलेला प्राणी आपल्या भागात राहतो का, हा पहिला प्रश्न विचारावा.

आणि किडा चावलाच, तर तो आणताना काय करावे, तेही सांगून टाकतो. सापडला तर चिरडू नका; कोरड्या, स्वच्छ, झाकणाच्या लहान बाटलीत कापसाच्या बोळ्यासह ठेवा, पाणी घालू नका. मेलेला असला तरी चालतो, तुकडे असले तरी आणा. पकडण्यात धोका असेल तर शेजारी रुपयाचे नाणे ठेवून वरून आणि बाजूने असे दोन फोटो काढा. चिठ्ठीवर तारीख, वेळ, घरात की शेतात की किनाऱ्यावर, दिवा चालू होता का, एवढे लिहा. पण विंचू, मधमाश्यांचा थवा किंवा गांधीलमाशीच्या दंशानंतर श्वास लागणे, ओठ सुजणे, चक्कर, दरदरून घाम यांपैकी काहीही असेल, तर बाटली शोधत बसू नका, तडक निघा. मधमाशीचा काटा कातडीत राहतो आणि त्याची पिशवी विष ढकलत राहते, म्हणून तो नखाने खरवडून लगेच काढा. गांधीलमाशी काटा मागे ठेवत नाही, तिथे शोधण्यात वेळ घालवू नका.